मदत हवी आहे : व्हीसीडी-डीव्हीडी जुन्या, टीव्ही नवा

घरी जुन्या मराठी नाटक-सिनेमांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी खोकाभर आहेत. प्लेअर बंद पडलाय आणि नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची सोयच नाही, फक्त एचडीएमआय आणि यूएसबी.

यूएसबीचा डीव्हीडी रायटर थेट टीव्हीला लावून पाहिला, टीव्ही ओळखत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये सगळं चालतं. व्हीसीडीतल्या डॅट फायली (.dat, यातच व्हिडिओ असतो) पेनड्राइव्हवर घेतल्या, त्या टीव्ही उघडत नाही.

"ओटीटीवर बघा" म्हणण्याआधी : यातली बरीच नाटकं तिथे सापडली नाहीत. शिवाय अ‍ॅपमधलं डाउनलोड अ‍ॅपबाहेर चालत नाही, मुदतही संपते. त्याला मी तरी संग्रह म्हणणार नाही.

बघणारे आई-बाबा, म्हणजे दरवेळी लॅपटॉप जोडणं नको. सगळं रिमोटवर व्हायला हवं. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, त्यामुळे ते सुधारावं अशी अपेक्षा नाही. आहे त्याहून बिघडू नये, एवढंच.

नाशिकमध्ये, एम.जी. रोडला किंवा इतरत्र, व्हीसीडीही वाचणारा एचडीएमआयवाला प्लेअर (जुना चालेल) कुठे मिळेल? की सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ, आणि तसं केलं तर टीव्ही हमखास वाचेल असा कोणता फॉरमॅट निवडू?