फक्त कामाचे मेसेज टाकावेत

शनिवार, सकाळी ७:३८

भंगाळे वहिनी (ए-१०३): सुप्रभात. आज सात दहाला दूध घेऊन गेटमधून आत येत होते. एक पांढरी गाडी सर्व्हिस रोडने राँग साईडने आली आणि माझ्या कोपराला हँडल घासून गेली. दोन लिटर दूध रस्त्यावर. सोबत नातू होता. मी नाव घेत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळलं असेल.

भंगाळे वहिनी (ए-१०३): [फोटो: फुटलेली पिशवी, बाजूला कुत्रं दूध चाटतंय]

तुषार (सी-३०१): वहिनी, लागलं का जास्त?

जिभाऊ (बी-००४): कुत्रानी तं दिवाळी व्हई गई 😄

भंगाळे वहिनी (ए-१०३): जिभाऊ, चेष्टा नको. कोपर सुजलंय.

जिभाऊ (बी-००४): माफ करा वैनी. हळद लावा.

कोल्हे आप्पा (ए-२०२): स्पीडब्रेकर. मी २०२२ च्या वार्षिक सभेत लेखी दिले होते. इतिवृत्तात नोंद आहे.

ढाके (बी-२०१): नाव घ्यायची गरजच नाही. अकरावीतला मुलगा, क्लास साडेसातचा, उठतो सातला. मग गाडी उडणारच.

बोरसे भाऊ (सी-१०२): डायरेक्ट नाव घ्या ना ढाके. माझाच मुलगा आहे. तो म्हणतो, वहिनी मोबाइलवर बोलत रस्त्याच्या मधून चालत होत्या.

भंगाळे वहिनी (ए-१०३): एका हातात दूध, एका हातात नातू. मोबाइल काय दातात धरला होता का?

तुषार (सी-३०१): 🙈

नाना सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज टाकावेत. डिसेंबरचा मेंटेनन्स ११ जणांचा बाकी आहे.

ढाके (बी-२०१): माणसाला गाडी घासली हे काम नाही का नाना?

सकाळी ८:२०

महाजन सर (ए-३०४): सर्वांना नमस्कार. विषय भावनेने नको, आकड्यांनी बघू. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर बोटं पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. मी आत्ता खाली जाऊन मोजलं. गेटच्या खांबापासून वॉचमनच्या बाकापर्यंत १४ पावलं आहेत. म्हणजे खांबाशी वहिनी दिसल्या, तर ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत गाडी बाकाशी. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. हे मी ३१ वर्षं शिकवलं आहे.

जिभाऊ (बी-००४): सर, परीक्षा कवय शे?

बोरसे भाऊ (सी-१०२): सर, तो ४० ने नव्हता. २० ने असेल.

महाजन सर (ए-३०४): २० ने असता तर दूध सांडलं नसतं.

बोरसे भाऊ (सी-१०२): आणि राँग साईडचं म्हणाल, तर हात वर करा, कोण जात नाही? समोरचा दुभाजकाचा कट बंद केल्यापासून पलीकडे जायचं तर बोगद्यापर्यंत जा, वळा, परत या. दीड किलोमीटर. आख्खी सोसायटी सर्व्हिस रोडने उलटी जाते. माझ्या पोराचंच दिसतं.

वाणी शेठ (बी-१०१): हे मात्र खरं.

तुषार (सी-३०१): हायवेचा नंबर सहाचा त्रेपन्न झाला, आपण मात्र होतो तिथेच 😄

महाजन सर (ए-३०४): राँग साईडची चूक वेगळी. मुलाचं वय किती? १७ पूर्ण नाही ना?

बोरसे भाऊ (सी-१०२): १६ ला लायसन्स मिळतं सर. त्याने काढलंय. कायद्यात आहे.

महाजन सर (ए-३०४): कायद्यात आहे ते असं आहे. १६ व्या वर्षी मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमची गाडी ११० सीसीची आहे. ती त्याला १८ पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. अर्धं जळगाव हा गैरसमज घेऊन फिरतंय.

बोरसे भाऊ (सी-१०२): ५० सीसीची गाडी आता शोरूमला दाखवा मला.

महाजन सर (ए-३०४): मिळत नाही हा तुमचा प्रश्न झाला, कायद्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

ढाके (बी-२०१): २५,००० ला किती लिटर दूध येतं सर? 😄

कोल्हे आप्पा (ए-२०२): स्पीडब्रेकर.

बोरसे भाऊ (सी-१०२): म्हणजे आता शेजारी मला जेलमध्ये घालणार. छान. तुमच्या मुलीच्या हळदीला रात्री दोन वाजता मंडपाचं सामान कोणी उतरवलं होतं ढाके?

ढाके (बी-२०१): तो विषय इथे कशाला?

बोरसे भाऊ (सी-१०२): असाच.

वाणी शेठ (बी-१०१): माझ्या मुलीची इलेक्ट्रिक आहे. तिला लायसन्सच लागत नाही.

महाजन सर (ए-३०४): ताशी २५ च्या आतली आणि २५० वॉटपर्यंतची असेल तरच. मेकॅनिककडून वायर काढून घेतली आणि ती ४५ ने पळायला लागली, की सूट संपली.

वाणी शेठ (बी-१०१): हा मेसेज डिलीट केला आहे.

तुषार (सी-३०१): शेठ, मी वाचला 😂

सकाळी ९:०५

भंगाळे वहिनी (ए-१०३): विषय माझ्या कोपराचा होता.

सोनवणे ताई (सी-२०३): वहिनी, मी मलम देऊन जाते. आणि विषय निघालाच आहे म्हणून, रोज पहाटे पाच वाजता रिव्हर्सला ते गाणं वाजवत कोणाची गाडी निघते? माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. रात्री तीनला झोपतं. पाचला ते टँ टँ टँ टँ.

वाणी शेठ (बी-१०१): ताई, मला मार्केटला जावं लागतं. भाजीचा लिलाव काय दहाला होत नाही.

सोनवणे ताई (सी-२०३): लिलावाला जा ना शेठ, गाण्याशिवाय जा.

महाजन सर (ए-३०४): ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात त्या वेळात आणीबाणीशिवाय हॉर्न नाही.

ढाके (बी-२०१): सर, तुम्हाला सगळे नियम पाठ आहेत. मग रात्री जेवून फिरायला जातो तेव्हा समोरून अप्पर मारून येणारी पांढरी एलईडीवाली चारचाकी कोणाची असते? डोळ्यांसमोर पाच मिनिटं काजवे. डिपरचं बटण कंपनीने दिलं नाही का?

जिभाऊ (बी-००४): आते मज्या 🍿

महाजन सर (ए-३०४): माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. कमी लाईटमध्ये दिसत नाही.

ढाके (बी-२०१): तुम्हाला दिसावं म्हणून आम्ही आंधळे व्हायचं.

तुषार (सी-३०१): आणि सर, हेल्मेट कोपरात अडकवून आकाशवाणी चौकापर्यंत जाता, पोलीस दिसला की डोक्यावर चढवता. मी तुमच्या मागेच असतो रोज 🙏

महाजन सर (ए-३०४): तुषार, तू मागे असतोस म्हणजे तूही उशिराच निघतोस.

नाना सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज टाकावेत. डिसेंबरचा मेंटेनन्स आता १० जणांचा बाकी आहे. वाणी शेठ यांचे आभार.

कोल्हे आप्पा (ए-२०२): मेंटेनन्स मी ३ तारखेलाच भरला. त्यातून स्पीडब्रेकर करा. २०२२ चे पत्र पुन्हा टाकतो.

कोल्हे आप्पा (ए-२०२): [फोटो: हस्ताक्षरातलं पत्र, उलटं]

पाटील मामी (ए-१०१): आप्पा, स्पीडब्रेकरचं नाव काढू नका. गेल्या वेळी ढाकेंच्या टाइल्समधलं उरलेलं सिमेंट ओतून केला होता ना. माझ्या मणक्याचा एमआरआय अजून कपाटात आहे. रिक्षातून येताना असा दणका बसला की दात एकमेकांवर आपटले.

ढाके (बी-२०१): सिमेंट फुकट दिलं होतं मामी. मजुरी पण मी दिली.

सोनवणे ताई (सी-२०३): आणि फोडला पण तुम्हीच. जावयाची गाडी खालून घासली म्हणून, लग्नाच्या आदल्या रात्री.

ढाके (बी-२०१): पुरावा?

वाणी शेठ (बी-१०१): पहाटे पाचला मी निघालो तेव्हा पहार तुमच्याच दाराशी होती भाऊ.

महाजन सर (ए-३०४): इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. ताशी २५ च्या आत गाडी अलगद वर चढते, अलगद उतरते. आपला होता एक वीत रुंद आणि जवळजवळ एक वीत उंच. तो स्पीडब्रेकर नव्हता, उंबरठा होता.

कोल्हे आप्पा (ए-२०२): मग ३.७ मीटरचा करा.

नाना सेक्रेटरी: गेटसमोरचा रस्ता आपला नाही आप्पा. परवानगी लागेल.

कोल्हे आप्पा (ए-२०२): गेटच्या आत करा.

पाटील मामी (ए-१०१): आप्पा 🙏🙏

सकाळी १०:१५

बोरसे भाऊ (सी-१०२): एक शेवटचं बोलतो. वाळूचं डंपर रात्री नंबर प्लेटवर चिखल फासून याच रस्त्याने जातं. कापसाची ट्रॉली, मागे ना लाईट ना रेडियम, गाठोडी दोन्ही बाजूंनी चार-चार हात बाहेर. त्यांना कोणी बोलत नाही. एका पोरावर २० जण तुटून पडले. ज्यांच्या घरात शिकणारी मुलं नाहीत त्यांना काय कळणार.

भंगाळे वहिनी (ए-१०३): माझा नातू दुसरीत आहे. तोच माझ्या हाताला धरून होता.

*बोरसे भाऊ (सी-१०२) ग्रुपमधून बाहेर पडले*

जिभाऊ (बी-००४): गया भो.

ढाके (बी-२०१): जाऊ द्या. मेंटेनन्स भरला का त्यांनी?

नाना सेक्रेटरी: भरला आहे. तुमचा बाकी आहे.

तुषार (सी-३०१): 😂😂😂

बोरसे वहिनी (सी-१०२): नमस्कार. मी ग्रुपमध्ये आहे हे बहुतेक सगळे विसरले. गाडीची किल्ली मी सकाळीच काढून घेतली. आता पोरगा सायकलवर जाईल नाहीतर रिक्षाने. भंगाळे वहिनी, मी ह्यांच्या वतीने माफी मागते. पण ढाके भाऊ, परवा तुम्ही मान वाकडी करून, कान आणि खांद्यात फोन दाबून, पुढे पायांत गॅस सिलेंडर आणि मागे भाची बसवून गेटमधून आलात. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. तुम्ही बोलत होतात, "हो हो, पोरांना शिस्तच राहिली नाही."

जिभाऊ (बी-००४): 👏👏

सोनवणे ताई (सी-२०३): 👏

पाटील मामी (ए-१०१): 👏 सिलेंडर मिळाला का भाऊ? माझा नंबर लावून दहा दिवस झाले.

ढाके (बी-२०१): मिळाला मामी.

*नाना सेक्रेटरी यांनी बोरसे भाऊ (सी-१०२) यांना ग्रुपमध्ये घेतले*

नाना सेक्रेटरी: उद्या रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये बैठक. विषय वाहतूक.

ढाके (बी-२०१): उद्या लग्न आहे चोपड्याला.

वाणी शेठ (बी-१०१): दुकान.

तुषार (सी-३०१): माझी सुट्टी एकच असते नाना.

जिभाऊ (बी-००४): नाना, नुसती बैठक कोन येई? थंडी पडेल शे. भरीत ठेवा.

तुषार (सी-३०१): भरीत असेल तर येतो.

वाणी शेठ (बी-१०१): संध्याकाळी ठेवा. दुकान सहाला बंद करतो. बामणोदची वांगी मी आणतो. पण काड्या कोण आणणार? गॅसवर भाजलेलं मी खात नाही.

पाटील मामी (ए-१०१): तुरीच्या काड्या माझ्या भावाच्या शेतातून येतील. कळण्याच्या भाकरी मी आणि सोनवणे ताई करू. पुऱ्या कोणीतरी बघा.

ढाके (बी-२०१): लग्न दुपारचंच आहे. संध्याकाळी परत येतो.

नाना सेक्रेटरी: ठीक. संध्याकाळी ७. माणशी १०० रुपये. ज्यांचा मेंटेनन्स बाकी त्यांनी आधी तो भरावा.

कोल्हे आप्पा (ए-२०२): विषयपत्रिकेत लिहा. स्पीडब्रेकर.

नाना सेक्रेटरी: लिहिलं आप्पा. भरितानंतर.

दुपारी १२:४०

भंगाळे वहिनी (ए-१०३): बोरसेंचा मुलगा आत्ता येऊन गेला. दोन लिटर दूध आणलं. गाईचं आहे, पण असू दे. दारातच उभा होता, आत ये म्हटलं तरी येईना. नातवाने त्याला विचारलं, दादा, तुझी गाडी कुठेय? तर लालच झाला.

बोरसे भाऊ (सी-१०२): वहिनी, म्हशीचं संध्याकाळी पाठवतो.

भंगाळे वहिनी (ए-१०३): नको हो. भरितात कांद्याची पात बारीक चिरायला त्यालाच बसवा.

वाणी शेठ (बी-१०१): गेटवर पाण्याचा टँकर उभा आहे, आत येत नाहीये. पांढरी चारचाकी आडवी लावली आहे. कोणाची आहे ती लवकर काढा.

वाणी शेठ (बी-१०१): टँकरवाला हॉर्न वाजवतोय.

सोनवणे ताई (सी-२०३): बाळ उठलं.

तुषार (सी-३०१): महाजन सर?

महाजन सर (ए-३०४): जेवतो आहे. पाच मिनिटं.

कोल्हे आप्पा (ए-२०२): [फोटो: तेच पत्र, आता सरळ]