मदत हवी आहे: जुना लॅपटॉप, नुडी आणि एलबीपी २९०० – लिनक्स टाकावं का?

खानापूर_टायपिंग
दुकानातला लॅपटॉप: तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. सुरू व्हायलाच खूप वेळ घेतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के. बॅटरी मेलीय, लाईट गेली की बंद. सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. कन्नड अर्ज नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी पत्रिका वर्डमध्ये, प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं तर नुडीचं आणि प्रिंटरचं काय? फॉरमॅट मारण्याआधी काय बघू?

निपाणीकर
फॉरमॅट राहू दे बाजूला, आधी डिस्क बघा. डिस्क १०० टक्के म्हणजे अडतंय तिथंच. त्याच हार्डडिस्कवर लिनक्स टाकलं तर फरक पडेल, पण पैसे वसूल होतील असा नाही. अडीच इंची साटा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबी पुरे. एसएसडी ७ मिमी जाडीची असते आणि त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपचा कप्पा साडेनऊचा. सोबत प्लास्टिकची चौकट मिळाली तर लावा, नाहीतर एसएसडी आत हलते आणि कनेक्टर सैल होतो.

रॅम ८ करा. आत लावलेल्या पट्टीवरचं लेबल वाचा: ‘पीसी३’ म्हणजे दीड व्होल्ट, ‘पीसी३एल’ म्हणजे १.३५. नवी घेताना एलवालीच घ्या, ती दीड व्होल्टवरही चालते. उलटं मात्र करू नका, फक्त १.३५ देणाऱ्या मशीनमध्ये दीडची पट्टी चालत नाही.

तारखेचं दुखणं किरकोळ आहे. रात्री चार्जर काढला, मोठी बॅटरी मेलेली, म्हणजे घड्याळ फक्त मदरबोर्डवरच्या नाणेसेलवर चालतं, आणि तोही संपलाय. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागू न झालेलं दिसतं, म्हणून ती तक्रार. सेल सहसा सीआर २०३२ असतो, पण लॅपटॉपमध्ये बहुधा वायर जोडलेला. नुसता सेल आणून वायर डकवत बसू नका, प्लगसकट घ्या. आणि मोठी बॅटरी फुगली असेल (टचपॅड वर आलंय का बघा) तर ती आजच काढून ठेवा, टोचू-दाबू नका. तोवर लॅपटॉप यूपीएसवर.

टिळकवाडी
टायपिंगचं सांगतो, कारण बेळगावकडं खरा प्रश्न तोच असतो. नुडी विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते विसरा. पण बोटांना बसलेली कळपाटाची मांडणी मिंटमध्ये आयती आहे. सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट इथं ‘सिस्टिम डिफॉल्ट’ची खूण काढा आणि ‘कन्नड (कगप, फोनेटिक)’ घ्या. त्याच्याच खाली ‘मराठी (कगप, फोनेटिक)’ जोडा. दोन्हीत अक्षरांच्या जागा बहुतेक सारख्या, जोडाक्षरासाठी एफची कळ. म्हणजे कन्नडला जी बोटं चालतात तीच मराठीला. बदलायला ऑल्ट-शिफ्ट लावा. इंग्रजी धरून तीन लेआउट होतात, चारच्या वर घेता येत नाहीत. घेतल्यावर ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘ज्ञान’ एवढे शब्द टाइप करून बघा, अडलं तर तिथंच अडतं.

जुन्या फायली हा वेगळा विषय. नुडीच्या जुन्या फॉन्टात केलेलं काम युनिकोड (सगळीकडं चालणारी अक्षरपद्धत) नाही, लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडलं तर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल. विंडोज असतानाच नुडीच्या रूपांतरकातून युनिकोड करून ठेवा. श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी फायलींचंही तेच.

कोरा_कागद
४ जीबीत मिंट कशाला, लुबंटू घ्या, तेही लिनक्सच, पण हलकं आहे.

टिळकवाडी
हलकं आहे, मान्य. पण ब्राउझरच्या चार टॅबनी रॅम भरते, डेस्कटॉपनं नाही. मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती पुरे, अपडेट २०२९ पर्यंत.

निपाणीकर
आता प्रिंटर, इथं खरी कटकट. २९०० पीसीएल-पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या सर्वसाधारण भाषा घेत नाही, कॅप्ट नावाच्या स्वतःच्या पद्धतीनं चालतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण जुना. त्याला ३२-बिट लायब्रऱ्या वेगळ्या टाकाव्या लागतात आणि मागं एक सेवा चालू ठेवावी लागते. लोकांनी बनवलेला मुक्त ड्रायव्हरही आहे, तो स्वतः बांधून घ्यावा लागतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे नको. तुलनेला, एचपी १०२० त्याच जमान्यातला, पण एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरच्या प्लगइननं चालतो. फक्त तो दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर संगणकाकडून घेतो, म्हणून लाईट येऊन-जाऊन अडला तर केबल काढून पुन्हा लावा.

खानापूर_टायपिंग
प्रिंटर बदलणं सध्या जमणार नाही. मग?

निपाणीकर
मग दोन्ही ठेवा. एसएसडीवर आधी विंडोज, ८० जीबी, नेटशिवाय, फक्त प्रिंटसाठी, उरलेल्यात मिंट. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर त्याचं पार्टिशन मिंटमध्ये नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. फाईल मिंटमध्ये पीडीएफ करा म्हणजे फॉन्ट हलत नाहीत.

त्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमनं मिंट चढवा (आतलं सगळं पुसलं जातं) आणि काहीही न बसवता लाइव्ह चालवून बघा. वायफाय दिसलं नाही तर कार्ड ब्रॉडकॉमचं असू शकतं. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तिथंच ‘डिस्क्स’मध्ये जुन्या हार्डडिस्कचा स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीचा) अहवाल बघा की. ‘पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं सोडून आधी फायली दुसरीकडं काढा.