फुटबॉलपटू सहल अब्दुल समदच्या अदलाबदलीबद्दल

प्रीतम कोटालसारखा अनुभवी बचावपटू आणि वर हस्तांतर शुल्क मिळत असल्याने २०२३ मध्ये केरळ ब्लास्टर्स या फुटबॉल क्लबने सहल अब्दुल समदला मोहन बागान क्लबकडे सोपवले ते योग्यच झाले, हे मत मला पटत नाही. चाहत्यांची हळहळ निव्वळ भावुकपणाची नव्हती. राखीव संघातून वर आलेल्या याच मुलाने मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्ड्याला झालेल्या इंडियन सुपर लीगच्या उपांत्य सामन्यात जमशेदपूरचा गोलरक्षक पुढे सरसावताच चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून जाळ्यात धाडला होता. मंजप्पडाला, म्हणजे ब्लास्टर्सच्या चाहत्यांच्या गटाला, तो घरचाच वाटणार. शिवाय तिशीला टेकलेला कोटाल जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईयिन क्लबला गेलाही, आणि सहल मात्र बागानकडून विजेतेपदे मिळवत राहिला.