पीडीएफच, पण सर्किटची पानं कागदावर
इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीडीएफपेक्षा छापील मॅन्युअल टेबलावर उघडं ठेवून काम करणं सोपं जातं, हे तुमचं म्हणणं पटतं. तरी मी पीडीएफच वापरतो. एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपुस्तिका) शेकडो पानांची आहे. फ्यूज बिट्सचा (चिपच्या मूळ सेटिंग्जचा) तक्ता हवा असेल तर शब्द टाकला की लगेच सापडतो. शिवाय दुरुस्त्या नव्या आवृत्तीत येतात, छापील प्रत जुनीच राहते.

अडचण होते ती जुन्या ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) मॅन्युअलची. घडी घातलेल्या पानावरचं मोठं सर्किट स्कॅनमध्ये बरेचदा दोन-तीन तुकड्यांत येतं आणि नेमकी जोडावरची रेघ हरवते. तेवढी पानं मी ए३ वर छापतो, सेलोटेपने जोडतो आणि मोजलेलं व्होल्टेज पेन्सिलीने त्या-त्या पॉइंटपाशी लिहितो. स्कॅन उतरवून घेताना आधी ही पानं अखंड आहेत का, तेवढं नक्की बघा.