रांगेतल्या माणसाच्या हातातील मोबाइल आणि आपला संताप

पेठेतली ताई

गेल्या आठवड्यात एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर फिरले. कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाहेर सायंकाळी लागलेली मोफत जेवणाची रांग, रांगेतील तिघांच्या हातांतील मोबाइलभोवती काढलेले तांबडे गोल आणि खाली मजकूर: ‘मोबाइलला पैसे आहेत, भाकरीला नाहीत. ही अन्नछत्रे बंद झाल्याशिवाय ही मंडळी कामाला लागणार नाहीत.’ चेहरे झाकण्याचेही सौजन्य छायाचित्र काढणाऱ्याने दाखवलेले नाही. त्या रांगेसमोर वाढणाऱ्यांत मी असते, म्हणून सविस्तर लिहिते.

रांगेत उभे असतात ते बहुतेक रुग्णांचे नातेवाईक. चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा येथून आलेले, काही घाट चढून कोकणातून, तर काही निपाणीकडून. रुग्णाला खाट मिळते, महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रियाही होते. परंतु त्याच्या उशाशी बसलेल्या भावाचे किंवा बायकोचे जेवण कोणत्याही योजनेत बसत नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा रोज ज्या दिवशी बुडतो, नेमक्या त्याच दिवसापासून त्याचा खर्च वाढू लागतो. बाहेरची औषधे, एसटीचे भाडे, चहा आणि दोन वेळचे जेवण हे सगळे त्या पैशांतून भागवायचे, जे आता येणेच थांबलेले असतात.

राहिला प्रश्न मोबाइलचा. वॉर्डातून ‘रक्ताची पिशवी आणा’ हा निरोप त्याच मोबाइलवर येतो. योजनेचा ओटीपी, रेशनची ई-केवायसी, गावी एकट्या राहिलेल्या मुलांची खबर, सगळे त्याच्यावरच. मोबाइल विकून त्याने किती दिवस जेवावे, असे त्या सद्गृहस्थांचे म्हणणे आहे, हे त्यांनी एकदा सांगावे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की माणूस फुकटच्या अन्नाच्या रांगेत आळसापोटी येत नाही. पैसा हाती येण्याची तारीख आणि खर्च अंगावर येण्याची तारीख यांचा मेळ तुटतो, तेव्हा तो येतो. छायाचित्रात रांग दिसते. तो मेळ कधी आणि का तुटला, हे त्यात दिसत नाही.

बांधावरून

ताई, रुग्णालयाबाहेरच्या रांगेबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. ते पुण्याचे काम आहे. पण त्या छायाचित्रामागचा राग तुम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवला आहे. २०२३ पासून रेशनचे धान्य पूर्ण मोफत झाले, त्यावर २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार आले आणि आमच्याकडे शिरोळ तालुक्यात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बाई मिळेनाशी झाली. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या दोघी आता येत नाहीत. साडेतीनशे रुपये रोज आणि जाण्यायेण्याची सोय करूनही उत्तर एकच: ‘बघू.’ घरात धान्य फुकट येऊन पडत असेल, तर उन्हात कोण वाकेल? याला तुम्ही गरिबी म्हणा, मी सवय म्हणतो.

निवृत्त गुरुजी

मूळ छायाचित्राच्या भाषेचे समर्थन मी करणार नाही. तरीही स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. माझे गाव माणदेशात. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. आई-वडील दोघेही खडी फोडायला जात, घरात तांबडी मिलो ज्वारी शिजे आणि कामावर मिळणारी सुकडी आई पदरात बांधून आम्हां भावंडांसाठी आणी. पण फुकट म्हणून आम्ही कोणासमोर ताट धरले नाही. करवीरच्या गादीवर शाहू महाराज असताना १८९६-९७ च्या दुष्काळातही त्यांनी लोकांना आधी काम दिले, हा इतिहास आपण विसरू नये.

रेशन दुकानदार

गुरुजी, आपल्याबद्दल आदर ठेवून सांगतो: मिलो ज्वारी अमेरिकेतून आलेली होती आणि सुकडीही घरची नव्हती. त्या काळी सरकारने आपल्या घरापर्यंत अन्न पोहोचवले, हे उत्तमच झाले. महाराजांनी दुष्काळात कामे काढली, त्यासोबत स्वस्त धान्याची दुकानेही उघडली आणि ज्यांना काम झेपत नव्हते अशा निराधारांची वेगळी सोयही केली. इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा.

आता बांधावरच्या दादांचा मुद्दा. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नामुळे रेशनच्या यादीत बसलेल्या घराला, माणशी महिना पाच किलो मिळतात. घरात चार माणसे असतील तर वीस किलो. साधा तांदूळ बाजारात चाळीस रुपयांच्या आसपास धरला, तर ही रक्कम आठशे होते. आपल्याच हिशेबाने ती दोन-अडीच दिवसांची भांगलण झाली. एवढ्यावर महिनाभर घरी बसणारे कुटुंब मला तरी माहीत नाही. तेल, डाळ, तिखट, मीठ, गॅस, शाळेची वही यांतले काहीही माझ्या यंत्रावर अंगठा लावून मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी ती पुरावा म्हणून फेकेल. रेशनचा तांदूळ विकला जातो. ज्या घरात तेल संपले आहे आणि तांदूळ उरला आहे, ते घर तांदूळ विकते. त्या घराचे छायाचित्र लगेच निघते. पडत्या भावाने तो विकत घेऊन पुढे दुप्पट भावाने घालणाऱ्याचे छायाचित्र आजवर कोणी काढलेले नाही.

बांधावरून

म्हणजे विकला जातो, हे मान्य केलेत. आभारी आहे. करदात्याच्या पैशाने घेतलेले धान्य बाजारात फिरते आणि त्यालाही कारण गरिबीच, असे म्हटले की चर्चाच संपली.

पेठेतली ताई

दादा, करदात्याचा विषय आपणच काढलात म्हणून विचारते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडले, तर व्याज सरकार भरते. याला कोणी सवय म्हणत नाही, मीही म्हणत नाही. परंतु पाच किलो तांदूळ घेणाऱ्याने तेवढा अंगमेहनतीचा दाखला द्यायचा आणि मोफत विजेवर ऊस भिजवणाऱ्याने तो मागायचा, हा न्याय मला समजत नाही.

बांधावरून

ताई, जिने कधी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाच्या सरीत पाऊल टाकलेले नाही, तिने शेतकऱ्याच्या विजेवर बोलू नये. वीज मोफत आहे, पण कधी येते हे तुम्हाला ठाऊक आहे काय? सापावर पाय पडून मेलेला माणूस आमच्या भावकीत आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात आमचा ऊस दोन्ही वेळा पाण्याखाली कुजला. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, चौदा दिवसांत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि कारखाना पैसे देतो तेव्हा देतो. ज्याच्या स्वतःच्या घामाचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, त्याला तुम्ही फुकट्या म्हणता! पेठेत बसून असे लिहिणे फार सोपे असते.

एक वाचक

ताईंनी ‘फुकट्या’ हा शब्द कुठेही वापरलेला नाही. तो प्रथम आपणच लिहिला आहे.

पेठेतली ताई

दादा, राग बाजूला ठेवून आपण आत्ता काय लिहिलेत ते पुन्हा वाचा. काम झाले, पैसे आले नाहीत आणि खर्च मात्र थांबला नाही. मी पहिल्या मजकुरात हेच सांगत होते. फरक एवढाच, की चौदा दिवस उलटले तर आपल्याला गावच्या पतपुरवठा सोसायटीतून उचल मिळते. भांगलणीला येणाऱ्या बाईला सोसायटी नाही, पत नाही आणि तिच्या थकलेल्या रोजासाठी रस्ता अडवायला संघटनाही नाही. महापुरात आपल्याही गावात बाहेरून जेवणाची पाकिटे आली असतील. ती घेताना कोणी आपल्या हातातील मोबाइल पाहिला नव्हता.

बांधावरून

चौदा दिवसांचा मुद्दा तुमचा, घ्या. पुराची गोष्ट वेगळी. ते अस्मानी संकट होते. तुमच्या रांगेतल्या प्रत्येकावर अस्मानी संकट आलेले असते, हे मी मानणार नाही.

लेस्टरचा पेठकर

मी येथे इंग्लंडमध्ये फूड बँकेत शनिवारी मदतीला जातो, म्हणून दोन गोष्टी लिहितो. येथे थेट जाऊन अन्न मागता येत नाही. बहुतेक ठिकाणी डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राने चिठ्ठी द्यावी लागते, तेव्हा सुमारे तीन दिवसांचे अन्न मिळते. ट्रसेल या फूड बँकांच्या सर्वांत मोठ्या जाळ्याने २०२३-२४ या वर्षात ३१ लाखांहून अधिक पिशव्या वाटल्या. येणाऱ्यांत नोकरी असलेली माणसे पुष्कळ असतात. सरकारी भत्त्यासाठी अर्ज केल्यावर पहिला पैसा हाती येईपर्यंत साधारण पाच आठवडे जातात, हे येथील रांगेचे एक ठळक कारण आहे. ताईंचा तारखांचा मुद्दा येथेही तंतोतंत लागू पडतो, आणि ‘घरात मोठा टीव्ही आहे, मग भूक कसली’ हे वाक्यही येथे ऐकू येते.

परंतु ताईंशी माझा एक मतभेद आहे. येथे या शतकाच्या आरंभी फूड बँका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आता त्या नाहीत असे शहर सापडणे कठीण. लोक पिशव्या वाटत राहतात आणि पाच आठवड्यांचा नियम तसाच राहतो. दानाने रांग चालते, रांगेचे कारण मात्र जागचे हलत नाही. भारतात २०१३ च्या कायद्याने धान्य हा हक्क झाला. तो हक्क सोडून आपण अन्नछत्रांचे कौतुक करत बसलो, तर आपल्याकडेही हेच होईल.

पेठेतली ताई

आपले म्हणणे तात्त्विकदृष्ट्या निर्दोष आहे. कायदा पुरेसा सुधारेपर्यंत आम्ही आमटी उकळत ठेवावी की चूल विझवावी, एवढे कळवावे. शिवभोजन थाळी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाली, तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात असे रीतसर सरकारी जेवण मिळू लागले, आणि मलाही वाटले की आता आमचे काम कमी होईल. पुढे केंद्रचालकांची देयके रखडल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. शिवाय तेथे ताट हाती पडण्याआधी जेवणाऱ्याचा फोटो निघतो. वृद्ध बायका त्या फोटोलाच बिचकतात, हे मी पाहिले आहे. हक्काचे अन्नही माणसाला संशयित ठरवून देता येते.

रेशन दुकानदार

हक्काबद्दल मीही थोडे सांगतो. शहरात वर्षाचे उत्पन्न ५९,००० आणि खेड्यात ४४,००० यांच्या आत असेल, तरच प्राधान्य यादीत नाव बसते. शहराचा आकडा महिन्यावर आणला, तर पाच हजारही होत नाहीत. धुण्याभांड्याची चार घरे धरणारी बाई याहून अधिक मिळवते. त्यातूनही कोणी पात्र ठरले, तर कार्यालयातून उत्तर येते की इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, शिल्लक नाही, कारण राज्याचा सुमारे सात कोटींचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर जन्मलेली मुले जेवत नाहीत, असे गृहीत असावे. विटा उचलून आणि धुणी धुऊन ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्रावर उठत नाही; म्हणजे ज्याने सर्वाधिक काम केले, तोच यंत्रापुढे अडतो. गुरुजींनी यावर स्वाभिमानाच्या अंगाने विचार करावा.

निवृत्त गुरुजी

उपरोध कळला. माझ्या आईचा अंगठाही उठला नसता, एवढेच लिहून मी थांबतो. फुकट देण्यापेक्षा काम द्यावे, हे माझे मत मात्र कायम आहे, आणि ते काम रोजच्या रोज दाम देणारे असावे, हे मी त्यात घालायला तयार आहे.

बांधावरून

दोन दिवसांनी लिहितो आहे. तुम्ही सर्वांनी मिळून मला खोटे पाडण्याचा विडा उचललाच होता, म्हणून त्या दोन्ही बायकांच्या घरी जाऊन आलो. एकीच्या बाबतीत माझे म्हणणे खरे निघाले: तिला धान्य मिळते, दीड हजार मिळतात, मुलगा कमावता झाला आहे आणि आता उन्हात वाकणार नाही, असे तिने तोंडावर सांगितले. दुसरीचे प्रकरण वेगळे आहे. नवरा वारला, पदरात दोन मुली आहेत, ती औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते, कारण तिथे पगार कमी असला तरी महिन्याच्या महिन्याला हाती येतो. माझ्याकडचा रोज उसाचे बिल आल्यावर मिळायचा, हे तिने ऐकवले; मी ऐकून घेतले. तिला रेशन मिळतच नाही. माझ्याकडे वर्षाचे दीडशे दिवस भरले असते, तर साडेतीनशेच्या हिशेबाने ५२,५०० झाले असते, म्हणजे तुमच्या त्या ४४,००० च्या वर. आता दुकानदारसाहेबांनी सांगावे, की मी तिला रोज कमी द्यायला हवा होता, की तिने दिवस कमी भरायला हवे होते?

पेठेतली ताई

पहिलीचा मुलगा कमावता झाल्यावर तिने उन्हातले काम सोडले, यात वाईट काय झाले, ते मला अजूनही कळलेले नाही. दुसरीबद्दल आपण स्वतः जाऊन चौकशी केलीत, हे बरे केलेत.

बांधावरून

शाबासकी नको. उत्तर हवे आहे, आणि ते तुमच्याकडून नको.

रेशन दुकानदार

दादा, विधवा कुटुंबप्रमुख असेल आणि उदरनिर्वाहाचे खात्रीचे साधन नसेल, तर अंत्योदयचा, म्हणजे सर्वांत गरीब घरांसाठीच्या कार्डाचा, विचार होऊ शकतो. त्यात माणसे न मोजता कार्डामागे ३५ किलो मिळतात. पॅकिंगचा पगार खात्रीचे साधन धरायचा की नाही, यावर कार्यालयात वाद होईल, तो घालावा लागेल. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तिघींची आधार कार्डे आणि जुने कार्ड घेऊन तालुक्याच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. इष्टांक नाही असे उत्तर आले, तर ते लेखी मागा. नाव चढल्यावर अंगठा उठला नाही, तर डोळ्यांची पडताळणी करणारे यंत्र मागावे. ते दुकानात नाही असे कोणी म्हणाले, तर तिला माझ्याकडे पाठवा. कार्ड दुसऱ्या तालुक्याचे असले तरी चालते.