बालविवाह थांबला, पण पोरीचा व्हिडिओ गावभर फिरतोय. अशी बातमी कशी व्हायला पाहिजे?

डोंगरपट्टा_बाई

नमस्कार. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं कळेलच.

आमच्या शाळेतल्या एका मुलीचं लग्न आखाडाच्या आत उरकायचं ठरलं होतं. हळदीच्या संध्याकाळी कुणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला. ग्रामसेवक आले, पोलीस आले, आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं. इथपर्यंत चांगलंच झालं. पण पोलिसांच्या मागोमाग एक यूट्यूबवाला आला आणि त्यानं मांडवातच शूटिंग केलं. चेहऱ्यावर धूसर ठिपका टाकलाय, पण पोरगी मान वळवते तेव्हा तो मागंच राहतो. वडिलांचं नाव, गाव, दप्तरावरचं शाळेचं नाव, सगळं दिसतं. हळदीचे हात जवळून घेतलेत. त्याच रात्री ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं.

पोरगी शाळेत यायची बंद झाली. मी घरी गेले तर वडील म्हणाले, "बाई, साऱ्या मुलखानं बघितलं हिला. आता कोण करून घेईल?" आणि आता ते जास्तच घाई करायलेत, तेही लांबच्या पाहुण्यांत, गुपचूप. दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला जाईल. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेलीच आहे. एकदा पोरगी उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, गेली की तिचं वय कोण विचारणार?

माझा पत्रकारांवर राग नाही. मागं आमच्या शाळेचं हंगामी वसतिगृह सुरू होईना. आई-बाप तोडीला गेलेले, लेकरं म्हाताऱ्या आजीजवळ, आणि प्रस्ताव पंचायत समितीत पडून. आम्ही निवेदनं देऊन थकलो. मग एका पेपरात आतल्या पानावर दोन कॉलमची बातमी आली आणि कागद हलला, लेकरांना जेवण मिळायला लागलं. त्या बातमीत एकाही लेकराचा फोटो नव्हता, प्रस्ताव कुठल्या टेबलावर किती दिवसांपासून आहे एवढंच होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, परभणीत ४८ आणि बीडमध्ये ४३ च्या पुढं. त्यामुळं बातम्या यायलाच पाहिजेत. पण पोरीला भोगावं न लागता कशा याव्यात? आणि या व्हिडिओचं आत्ता काय करू?

काळा_कोट_परभणी

बाई, आधी व्हिडिओची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, नंतर तो काढला गेला तरी पुरावा राहील. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये लग्न होण्याचा धोका असलेलं अल्पवयीन मूल "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक" या व्याख्येत येतं. अशा बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला, दाखवायला कलम ७४ ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पेपर असो, टीव्ही असो की मोबाईलवरचं चॅनल, सगळ्यांना लागू. बाल कल्याण समितीला लेखी कळवा, पोलीस ठाण्यात अर्ज द्या, यूट्यूबकडेही तक्रार टाका. चेहरा झाकला होता ही सबब चालत नाही. जम्मूतल्या कठुआच्या बलात्कार-खून प्रकरणात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मोठमोठ्या माध्यम संस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले, ते मुलीची ओळख उघड केली म्हणूनच.

पण मला व्हिडिओपेक्षा त्या गुपचूप लग्नाची जास्त काळजी वाटते. हमीपत्रावर विसंबू नका. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६, कलम १३. ग्रामसेवकांनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मनाई हुकूम घ्यावा. तो असताना लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते मुळातच रद्द. याच कलम १३ खाली विश्वसनीय बातमीवरून न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. नीट लिहिलेल्या बातमीला कायद्यानं एवढं वजन दिलंय.

जुना_वार्ताहर_अंबाजोगाई

ताई, तालुक्याचा वार्ताहर म्हणून मी बरीच वर्षं काढली. एक सांगतो, नाव लपवलं की बातमी मवाळ होते हे खरं नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवऱ्यानं कोर्टात खेचलं. १८८५ मध्ये त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात "एक हिंदू स्त्री" एवढ्याच सहीनं पत्रं लिहिली आणि बालविवाहावर देशभर वाद पेटला. पुढं १८९१ च्या संमतिवय कायद्यापर्यंत तो चालला.

बातमीत नाव पाहिजेच. कुणाचं, ते ठरवा. लग्न लावणारा भटजी, मंडप-वाजंत्रीवाला, पत्रिका छापणारा, वयाचा दाखला न बघणारा, हे का सुटतात? मदत करणाऱ्यालाही कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण गाव लहान असलं की नवरदेवाचं नाव छापल्यावरही पोरगी ओळखू येते, म्हणून तिथं तालुक्यावर थांबायचं. शेवटी तारीख टाकून विचारायचं: मनाई हुकूम झाला का? पोरगी शाळेत आहे का? आमच्या धंद्यात पहिल्या दिवसाला सगळे धावतात, महिन्यानं कुणी जात नाही. लेकराला खरी गरज त्या महिन्यानंतरच्या बातमीची असते.

माजलगाव_लाइव्हवाला

मी पण छोटं चॅनल चालवतो. तो मी नाही, पण त्याच्यासारखे आम्ही सगळेच. पगार नाही, जाहिरात मिळेल तेवढंच. चेहरा दाखवला नाही तर लोक बघत नाहीत. कलम ७४ मला आजच कळलं, कुणी कधी सांगितलंच नाही. चेहऱ्याशिवाय दाखवायचं तरी काय?

डोंगरपट्टा_बाई

दादा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. दसऱ्यानंतर आमच्या शाळेत या. पटावर चाळीस नावं असलेल्या वर्गात निम्मी बाकं रिकामी दिसतील, ती दाखवा. हजेरी घेताना नुसता आवाज घ्या. स्थलांतर करणाऱ्या लेकरांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता येतं. किती जणांना मिळालं हे गटशिक्षण कार्यालयात कॅमेऱ्यासमोर विचारा. मुकादमाला विचारा की टोळीत अठराच्या आतले किती कोयते, म्हणजे ऊस तोडणारे मजूर, आहेत. लोक बघतील, कारण प्रत्येक वस्तीवर कुणाचं ना कुणाचं लेकरू त्यात आहे.

लातूर_रोड

६ जानेवारीला, दर्पण दिनाला, प्रत्येक तालुक्यात पत्रकारांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं. त्याच कार्यक्रमात बाल संरक्षण कक्षाच्या माणसाला अर्धा तास द्या, कलम ७४ आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) ओळख लपवण्याबद्दलचं कलम २३ मराठीत समजावून सांगू दे. यूट्यूबवाल्यांनाही बोलवा, त्यांना अजून कुणी पत्रकार मानत नाही म्हणून ते बाहेरच राहतात.

डोंगरपट्टा_बाई

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, ग्रामसेवकांशी बोलले. मनाई हुकमाच्या अर्जाला मुलीचा जन्मदाखला लागेल म्हणाले, तो ग्रामपंचायतीत नोंदलेला नाही. शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा चालेल का? चालत असेल तर मुख्याध्यापकांची सही घेऊन सोमवारीच देते. टोळी निघायच्या आत हुकूम हातात पाहिजे.

काळा_कोट_परभणी

अर्जाला जोडा, पण नुसत्या उताऱ्यावर विसंबू नका. शाळेकडून जन्मतारखेचा दाखलाही घ्या, वय ठरवताना तो आधी बघतात. उताऱ्यावर शिक्का आणि जावक क्रमांक टाका, आणि एक प्रत बाल कल्याण समितीलाही द्या.