चेसबॉक्सिंगसाठी ग्लोव्हज अन् घड्याळ कोणतं? बजेट ३,०००, नागपूर

तिरका_उंट:
भाचा अकरावीत आहे, बुद्धिबळाचं रेटिंग १५००च्या आसपास. आता डोक्यात चेसबॉक्सिंग घेतलंय. एक फेरी पटावर, एक रिंगमध्ये. सहा बुद्धिबळाच्या, पाच बॉक्सिंगच्या. मात दिली किंवा नॉकआउट केलं की सामना संपला. बॉक्सिंगचा अनुभव शून्य. ग्लोव्हज, रॅप (हाताला गुंडाळायच्या पट्ट्या), बुद्धिबळाचं घड्याळ सगळं मिळून ३,०००. काय घ्यावं?

सावजी_पंच:
३,०००त काय होते भाऊ? मी ७,०००चे लेदरचे घेतले, १६ औंस. अजून एक टाका उसवला नाही. एकदाच घ्या, चांगले घ्या.

धरमपेठ_काकू:
बुद्धिबळ येतं ना त्याला? मग त्याच डोक्यावर मार कशाला खायचा? आपली दिव्या देशमुख २०२५मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, रौनक साधवानीही इथलाच. कोणी ठोसे खाल्ले का?

बर्डीवाला:
काकू, प्रश्न ग्लोव्हजचा आहे. मी बर्डीवरच्या एका दुकानातून ८००चे घेतले होते. आतला फोम महिनाभरात एका बाजूला गोळा झाला, अन् मे महिन्यात तो वास! बायको घरात ठेवू देईना, गच्चीवर वाळत घालायचो. दुकानदार म्हणे, "तुम्ही जास्तच जोरात मारून राहिले."

पट_पंडित:
हा खेळ नेदरलँड्सच्या ईपे रुबिंगनं २००३मध्ये रिंगमध्ये आणला, कल्पना एका कॉमिकमधली. भारतातली संघटना कोलकात्याची. पटावरची फेरी ४ मिनिटांची असते.

सावजी_पंच:
३ मिनिटांची.

पट_पंडित:
पहिले ४ची होती, नंतर ३ची केली. मी जुनं सांगून राहिलो.

सावजी_पंच:
मग जुनं आहे असं लिहा ना बाप्पा.

घोडा_अडीच:
पोराचं वजन कोणी विचारलं का? सडपातळ असेल तर पंचिंग बॅगवर १२ औंस पुरतात, स्पारिंगला (जोडीदाराशी सराव) १४–१६. लेसवाले अजिबात नको, वेल्क्रोच घ्या. पटावर बसताना ग्लोव्हज उतरवतात, पुढच्या फेरीला परत चढवतात. मधे मिनिटभरच मिळते, लेस कोण बांधत बसेल? रॅप मात्र हातावरच राहतात. म्हणून घरी रॅप बांधूनच ब्लिट्झ (झटपट बुद्धिबळ) खेळू द्या. बोटं जाड होतात, प्यादं उचलायला गेलं की शेजारचा उंट आडवा. अन् ३ मिनिटं दोरीवर उड्या, लगेच ३ मिनिटं पट, असं आलटून पालटून. धाप लागलेली असताना फुकटात वजीर जातो. माऊथगार्ड विसरू नका. घड्याळ विकत घेऊ नका, मोबाईलवर ॲप फुकट आहे.

सावजी_पंच:
१६च घ्या. लेदरचे.

धरमपेठ_काकू:
डॉक्टरला तरी दाखवा आधी.

तिरका_उंट:
सगळ्यांचे आभार. वजन ५८ किलो. काल डिजिटल घड्याळ घेऊन आलो, २,२००चं. ॲपवर बटण दाबल्याचा फील येत नाही म्हणतो तो, अन् वेळ संपली तरी सामना हरतोच ना माणूस. उरलेल्यात रॅप अन् माऊथगार्ड. ग्लोव्हज सध्या क्लबातले वापरेल.

घोडा_अडीच:
मग विचारलं कायले?

नवा_गडी_४४००१०:
मलाही घ्यायचे आहेत. बर्डीवरचं ते ८००वालं दुकान नेमकं कुठं आहे?